बाबांच्या नावाने मिस्सा सांगावी का?

वसईची_सून
माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. मार्चमध्ये बाबा गेले. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना बायबलमधल्या, पौलाच्या रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचून दाखवायचे. ‘नीतिमान’ शब्द आला की ते मिटल्या डोळ्यांनी मान हलवायचे.

आता २ नोव्हेंबरला मृतात्म्यांचा दिवस. सासूबाई बाबांच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सांगणार आहेत, अगदी मायेने. पण मला ते लागतंय. बाबांचं तारण विश्वासाने झालं ना? मग आता कोणी त्यात काय भर घालणार? माणूस कर्मांनी तरतो असं कॅथलिक खरंच मानतात का? मला भांडायचं नाही, समजून घ्यायचंय.

धर्मग्रामातला_शिक्षक
ताई, तसं आम्ही शिकवत नाही. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ ला या विषयावर ३३ नियम केले. त्यातला पहिलाच, ख्रिस्ताच्या कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येतं असं म्हणणाऱ्याला बहिष्कृत करतो. नववा मात्र तुमच्या बाजूच्या विरोधात जातो: केवळ विश्वास पुरे, कृपेला माणसाच्या इच्छेची साथ लागतच नाही, हे म्हणणं तो नाकारतो.

आणि शुद्धिस्थान म्हणजे स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो ती अवस्था; मिस्सा त्या शुद्धीसाठी असते. तिथला आत्मा तारलेलाच असतो, त्याचा स्वर्ग नक्की असतो. सासूबाईंना बाबांच्या तारणाची शंका नाही, एवढं मनातून काढा.

नगरी_पाळक
मी तुमच्या बाबांच्याच बाजूचा. सगळा वाद एका क्रियापदाचा आहे: देव माणसाला नीतिमान ‘ठरवतो’ की ‘करतो’? पौलाचा ग्रीक शब्द न्यायालयातला, आरोपीला निर्दोष ठरवण्याचा. प्राचीन धर्माचार्य ऑगस्टिनने त्याच्या लॅटिन शब्दाची फोड ‘नीतिमान करणे’ अशी केली आणि कॅथलिक शिकवण त्या वाटेने गेली: कृपा आत उतरते, माणूस बदलत जातो, नीतिमत्त्व वाढतं. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने उलट रोग्याचं उदाहरण दिलं. वैद्याने बरं करण्याचं वचन दिलंय, रोग्याने ते मानलंय. अंगात आजार आहे, तरी वचनाने तो बराच. आपल्या मराठी शास्त्रातही ‘नीतिमान ठरणे’ आहे. बाबांनी मान हलवली ती त्या ‘ठरण्या’ला, असं मला वाटतं.

आमच्याकडचंही सांगायला हवं. १५२२ च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस ३:२८ मध्ये ल्यूथरने ‘विश्वासाने’च्या जोडीला ‘केवळ’ घातलं. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द नाही. अर्थ तोच निघतो असं मी मानतो, पण याकोबाच्या पत्रात, २:२४ ला, ‘केवळ विश्वासाने नव्हे’ असं स्पष्ट आहे.

३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी एकत्र सही केली: आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात आले, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड; हे दोन्ही प्रोटेस्टंट पंथ. शुद्धिस्थानाचा प्रश्न मात्र तिथे सुटलेला नाही. मी मिस्सा सांगितली नसती. ख्रिस्ताचं नीतिमत्त्व पांघरून गेलेल्या माणसाची कुठली शुद्धी बाकी राहते?

वसईची_सून
दोघांचेही आभार. ‘ठरवणे’ आणि ‘करणे’ रात्रभर डोक्यात होतं. सकाळी सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, “ते देवाजवळच आहेत गं. पण मी त्यांच्यासाठी दुसरं काय करू? नाव तरी घेऊ दे.”

पाळकसाहेब, शिकवण मला तुमचीच पटते. तरी मिस्सेला मी सासूबाईंच्या शेजारी बसणार, कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) न घेता. संध्याकाळी घरी पाचवा अध्याय वाचणार आहे. सासूबाई ऐकायला बसते म्हणाल्यात.