गृहसभेचा गट चालवताना ‘सेवक’ होणं म्हणजे नेमकं काय करायचं?

शिवडी_नाका

सर्वांना सलाम. परळ-लालबागमधल्या १८ कुटुंबांच्या गृहसभेची (घरोघरी आळीपाळीनं भरणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थनासभेची) जबाबदारी पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे येतेय. मोठं व्हायचं असेल त्यानं सेवक व्हावं, हे बायबलमधलं मार्कच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातलं वचन पाठ आहे. पण ते रोजच्या कामात कसं उतरवायचं? आधीचे गटप्रमुख सतरंजी अंथरण्यापासून कप विसळण्यापर्यंत सगळं स्वतः करायचे, तरी वर्षभरात पाच-सहा घरं यायची थांबली. दुसरं म्हणजे, अडचणीतल्या घराला मदत केली की चार दिवसांत अख्ख्या चाळीत बभ्रा होतो. हे कसं टाळायचं?

दिवेलागण

सगळं एकट्यानं करणं नम्रपणाचं वाटतं, पण त्यात बाकीच्यांची सेवा हिरावली जाते. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात सासरा इथ्रो मोशेला हेच बजावतो: अशानं तू थकशील आणि हे लोकही थकतील. ज्या घराकडून मंडळी (चर्चचा समुदाय) कधी काहीच घेत नाही, ते घर पाहुणं राहतं. पाहुणे कधी तरी उठून जातातच.

पाळी लावा. प्रत्येक घराला सलग दोन आठवडे द्या, पण एकेका आठवड्याच्या फरकानं. म्हणजे दर आठवड्याला एक घर नवं आणि एक आधीच्या आठवड्यातलं असतं. पहिल्या आठवड्यात शिकायचं, दुसऱ्यात शिकवायचं. १८ घरं असली की एका घराची पाळी अठरा आठवड्यांनी येते, कोणावर ओझं पडत नाही. कामं मोजकीच ठेवा: सतरंज्या, गीतपुस्तकं मोजून देणं-घेणं, चहा, आणि जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी फोन. तुमचं घरही यादीत इतरांसारखं एकदाच येऊ द्या. संत बेनेडिक्ट यांच्या मठांसाठीच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत स्वयंपाकघराची पाळी अशीच आठवड्याची आहे. पाळी संपवणारा शनिवारी साफसफाई करतो, टॉवेल धुतो, भांडी स्वच्छ आणि धड परत करतो. मग तो आणि नव्या पाळीचा मिळून सगळ्यांचे पाय धुतात. आजारी किंवा महत्त्वाच्या कामात अडकलेल्यांनाच सूट.

खाण्याचा नियम पहिल्याच सभेत ठरवा: फक्त चहा आणि पाणी. हे किरकोळ वाटेल, पण गट बहुधा इथेच फुटतात. एका घरी चहासोबत बिस्किटं येतात, पुढच्या घरी वडे, त्यापुढे केक. मग ज्याला हे परवडत नाही तो ‘आमच्याकडे जागा नाही’ म्हणून पाळी टाळतो आणि हळूहळू यायचाच थांबतो. गेलेली घरं कोणती, हे या नजरेनं एकदा पाहा.

वेळ ८.३० ते ९.३०. लोक लोकलमधून उतरून येतात, त्याआधी जमणार नाही. आणि १० बाय १२ च्या खोलीत सभा संपल्याशिवाय त्या घरचं जेवण होत नाही, अंथरुणं पडत नाहीत, त्यामुळे साडेनऊ म्हणजे साडेनऊ. तुम्ही स्वतः दाराजवळ बसा, म्हणजे उशिरा येणाऱ्याला आत कोणी तरी घेईल.

खतावणी

मदतीबद्दल लिहिते. बातमी फुटते ती तीन जागी: सभेत नावानिशी केलेली प्रार्थना, गटाच्या व्हॉट्सॲपवरचा मजकूर, आणि घरी पोचवलेली रेशनची पिशवी. पिशवी चाळीच्या जिन्यातून जाते, ती सगळे पाहतात. त्यापेक्षा वाण्याकडे पैसे आधी भरा. घरच्यांनी नेहमीप्रमाणे जाऊन हवं ते आणावं. औषधांचं बिल थेट केमिस्टला द्या. कुणाच्याही नावानं प्रार्थना करायची तर आधी त्यांना विचारा.

निर्णय दोघांवर सोपवा, त्यातली एक बाई असावी. दोघं मिळून न विचारता किती देऊ शकतात, तो आकडा (समजा ₹२,०००) सभेत ठरवून घ्या. वहीत नावाऐवजी क्रमांक लिहा. सभेला फक्त ‘या तिमाहीत इतक्या घरांना इतके रुपये’ एवढंच सांगायचं. दान मात्र उघड मोजा: एकमेकांचे नातेवाईक नसलेले दोघं, त्याच रात्री, दोघांच्या सह्या. गटप्रमुखानं मोजणीला हात लावू नये, आणि क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच असावा, कुणाच्याही स्वतःच्या नंबरचा नको. माणूस कितीही सचोटीचा असो, वैयक्तिक खात्यात आलेल्या पैशांचा हिशेब देताना त्याचाच जीव टांगणीला लागतो.

मोठं आजारपण असेल तर वर्गणी काढण्याआधी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आधार घेऊन दाखल होतानाच अर्ज करा. बिल हातात पडल्यावर धावपळ केली तर फार अवघड जातं. या कागदांसाठी कुणासोबत रांगेत उभं राहणं ही रोख पैशापेक्षा मोठी मदत असते.

माहीमची_खाडी

कॅथलिक वाचकांसाठी जोड: १९८३ च्या धर्मसंहितेनुसार (कलम ५३७) प्रत्येक पॅरिशमध्ये (धर्मगुरूच्या हाताखालच्या स्थानिक धर्मग्रामात) अर्थसमिती हवीच. पॅरिशच्या सल्लागार मंडळाचं, म्हणजे पास्टरल कौन्सिलचं मत (कलम ५३६) मात्र फक्त सल्ल्यापुरतं असतं. त्यामुळे प्रमुख धर्मगुरू निर्णय घेण्याआधी विचारतात की घेतल्यावर कळवतात, यावर सारं अवलंबून असतं.

शिवडी_नाका

मनापासून आभार. वड्यांची गोष्ट अगदी बरोबर निघाली. जी घरं यायची थांबली, त्यांच्याकडे आता कोणत्या तोंडानं जायचं?

दिवेलागण

दोघं जा, फोन करून, रविवार टाळून. पहिल्या भेटीत सभेचं आमंत्रण देऊ नका. काय चुकलं ते विचारा, खुलासा न देता ऐका, आणि वीस मिनिटांत उठा.

मग बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा ६ वा अध्याय वाचा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी (येशूच्या प्रमुख शिष्यांनी) मंडळीलाच सात जण निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव: सातही नावं ग्रीक आहेत. ज्या बाजूची तक्रार होती, वाटपाचा अधिकार त्याच बाजूच्या हाती गेलेला दिसतो.

तेव्हा परतणाऱ्या घरांना नुसत्या सतरंज्या देऊ नका. दान मोजणाऱ्या दोघांपैकी एक त्यांच्यातला घ्या, आणि वही त्याच्याकडे ठेवा.