वय वेगळं, पिढी वेगळी

'तरुणांनी सिनेमा थिएटरकडे पाठ फिरवली, आता प्रेक्षकांत ज्येष्ठांचाच टक्का वाढतोय' असं सरसकट म्हटलं जातं, ते पटत नाही. आजच्या साठीची तुलना आजच्या विशीशी करून काय कळणार? तीच माणसं विशीत किती सिनेमे बघायची, ते पाहा की! ब्रिटनमध्ये १९४६ साली १६३ कोटींवर तिकिटं खपली, १९८४ मध्ये जेमतेम ५.४ कोटी. म्हणजे ओटीटीच्या कितीतरी आधी टीव्हीनं गर्दी पळवली होती. तेव्हाही घरी बसले ते मुख्यतः संसारात अडकलेले. पोरंटोरं जातच राहिली. त्यांना घराबाहेर पडायचं असतं, सिनेमा कुठला का असेना. आणि प्रेक्षकांत ज्येष्ठांचा टक्का वाढला म्हणजे ते जास्त वेळा जातात असंही नाही, मुळात लोकसंख्येतच ते वाढलेत.