मॉडेल रेल्वेच्या एचओ लेआउटवर डांबरी रस्ता कशाचा करावा? पॉलिश पेपर, सनबोर्ड की पीओपी

गेटमन:
नमस्कार मंडळी, सहा बाय चारच्या प्लायवर एचओ लेआउट चाललाय. रूळ टाकून झालेत, गाडी पळतेय, आता स्टेशनबाहेरचा रस्ता आणि फाटक करायचंय. उन्हाळ्यात काळा पॉलिश पेपर फेविकॉलने चिकटवला होता, तेव्हा एकदम झकास दिसला, पण पावसाळ्यात कडा वर आल्या आणि जोड असा दिसतो की रस्त्याला ठिगळ लावलंय (तसे खरे रस्ते पण असतातच म्हणा). एक मित्र म्हणतो सनबोर्ड (प्लॅस्टिक फोमचा कडक बोर्ड), दुसरा म्हणतो पीओपी. आणि रुंदी किती ठेवता? मी पुठ्ठ्याची एसटी केलीय, ती समोरच्या ट्रकला घासतेय.

डबलहेडर:
आधी रुंदीचं बघ. दोन लेनचा डांबरी रस्ता ७ मीटर धरतात, एचओ म्हणजे १:८७ प्रमाण, भागाकार केला की ८० मिमी. गावातला एकेरी रस्ता ३.७५ मीटर, म्हणजे ४३ मिमी. आता सहा बाय चारवर ८० मिमी फार अंगावर येतो, मी ७० ठेवलाय, एसटी निघते आरामात.
मटेरियल म्हणशील तर ३ मिमीचा सनबोर्ड. दमट हवेत फुगत नाही, कटरने सरळ कापला जातो. फक्त तो गुळगुळीत असतो, रंग धरत नाही, म्हणून आधी पॉलिश पेपरने घासून घे. तुझा उरलेला पेपर तिथे वापर.

लालमाती:
पीओपीच्या वाटेला जाऊ नका हो. मी केला होता, कालवून पसरेपर्यंत भांड्यातच घट्ट व्हायला लागला, वाळल्यावर तडे गेले, आणि घासताना जी पांढरी धूळ उडाली ती इंजिनाच्या गिअरमध्ये. दोन रविवार साफ करण्यात गेले. वॉल पुट्टीचे पातळ हात बरे पडतात, आणि घासायच्या आधी रुळांवर मास्किंग टेप लावायची म्हणजे लावायचीच.
दुसरं म्हणजे काळा रंग नको. डांबर उन्हापावसात राखाडी पडतं, काळाकुट्ट फक्त कालच केलेला रस्ता असतो. राखाडीत चिमूटभर मातकट रंग घाला. कडेच्या मुरूमपट्टीला खरी माती चहाच्या गाळणीने गाळून टाका, पण आधी तिच्यावरून चुंबक फिरवा, आपल्या मातीत लोहाचे कण असतात आणि इंजिनाच्या मोटारीत चुंबक असतोच, ओढून घेतो.

डबलहेडर:
पुट्टीला हरकत नाही, पण सनबोर्डावरच द्या. नुसत्या प्लायवर दिलीत तर प्लाय हलला की तडा.

रात्रपाळी:
फाटकाचं कुणीच बोललं नाही. कोड १०० चा (कोड म्हणजे रुळाच्या उंचीचं माप) रूळ असेल तर त्याची उंची अडीच मिमी, म्हणजे दोन रुळांच्या मधे ३ मिमी सनबोर्ड टाकलास तर तो रुळाच्या वर येणार आणि इंजिन तिथे उचललं जाऊन रुळातून येणारा करंट तुटणार. माझं बरोब्बर फाटकात थांबायचं, मी आठवडाभर वायरिंग तपासत बसलो! मधे स्टेशनरीच्या दुकानातली २ मिमीची फोम शीट टाक, रुळाच्या डोक्यापेक्षा कागदभर खाली, दोन्ही बाजूंना चाकाच्या कडेला खाच सोड आणि चिकटवायच्या आधी एकूण एक गाडी दोन्ही दिशांनी चालवून बघ. पॉलिश पेपर रुळाजवळ नकोच, त्याचे कण सुटतात.

गेटमन:
सगळ्यांना धन्यवाद. सनबोर्ड कापलाय, ७० मिमी, फाटकात फोम. मधली पांढरी रेघ जेल पेनने मारून बघितली, जाड दिसते, खरवडून काढणार.
बाकी लालमाती, कुंडीतल्या मातीवरून फ्रिजचा चुंबक फिरवला, त्याला चक्क काळ्या मिशा फुटल्या. ही माती मी मागच्या महिन्यात बोगद्याजवळ तशीच टाकलीय, आता ती काढायची कशी?

लालमाती:
फेविकॉलने बसवली असेल तर राहू द्या, सुटी असेल तर चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून फिरवा, म्हणजे कण पिशवीसकट निघतात.