नुसत्या बोर्डाने भागत नाही

'गाड्यांचा वेग आवरायला नगरसेवकाला सांगून कॉलनीत ताशी ३० किमी वेगमर्यादेचा बोर्ड लावून घ्या' असं वर कुणीतरी लिहिलंय. बोर्ड लागेलही हो, पण त्यावर दंड टिकायला हवा ना! मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२ प्रमाणे मर्यादा कमी करायचा अधिकार राज्य सरकारचा किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकरणाचा. राजपत्रात अधिसूचना आणि जागेवर फलक, दोन्ही लागतं. (महिनाभरापुरतंच बंधन असेल तर अधिसूचनेची गरज नाही.) केंद्राने २०१८ मध्ये महापालिका हद्दीसाठी कारला कमाल मर्यादा ७० ठरवली होती. आमच्या इंदिरानगरच्या गल्लीत ७०, विचार करा!

आम्ही कंटाळून वर्गणी काढली आणि स्वतःच गतिरोधक घातला. तो मूर्खपणाच झाला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) मापाप्रमाणे उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी साधारण २५ च्या वेगाने अलगद जाते. आमचा जेमतेम दीड फूट रुंद. आता दुचाकीवाले तो चुकवायला कडेच्या गटाराच्या झाकणावरून घालतात, तेही वेग कमी न करता.