रीमा लागू यांना तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिले?

कृष्णाकाठ
गेल्या आठवड्यात आईचे कपाट आवरताना तिच्या शालीच्या घडीत एक पिवळे पडलेले तिकीट सापडले. सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरातल्या ‘पुरुष’च्या प्रयोगाचे ते तिकीट होते. तारीख पुसून गेली आहे, पण मी तेव्हा नववीत होते, म्हणजे 1984 साल असावे. आईने ते इतकी वर्षे जपून ठेवले होते, हे मला ती गेल्यावर कळले.

जयवंत दळवींचे नाटक, विजया मेहता यांचे दिग्दर्शन, गुलाबरावांच्या भूमिकेत नाना पाटेकर आणि अंबिकेच्या भूमिकेत रीमा लागू. शेजारच्या काकूंनी ‘हे नाटक मुलीला दाखवण्यासारखे नाही’ असे आईला बजावले होते, तरी आईने मला नेलेच. आई शिक्षिका होती आणि अंबिकाही शिक्षिकाच. ज्यांना कथानक ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते की, राजकीय वजन असलेला एक माणूस अंबिकेला डाकबंगल्यावर बोलावून घेतो, तिच्यावर बलात्कार करतो, आणि त्यानंतर तिच्या भोवतीची माणसे एकेक पाऊल कशी मागे सरतात ते नाटक दाखवत जाते. मला आज संवाद आठवत नाहीत. आठवते ती त्या घटनेनंतर घरात परतलेली अंबिका आणि नाट्यगृहात पसरलेली अशी शांतता की पुढच्या रांगेतल्या बाईंच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा मोठा वाटावा.

परतीच्या एस.टी.त आई एक शब्द बोलली नाही. त्या काळी आमच्या भागातले एक अधिकारी शिक्षिकांना कागदांवर सह्या घेण्यासाठी विश्रामगृहावर बोलावत असत आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे, निदान तसे कुणी बोलून दाखवत नसे. त्या नाटकानंतर आई तिथे एकटी कधीच गेली नाही. प्रत्येक वेळी दुसऱ्या एका बाईंना बरोबर घेऊन गेली, आणि पुढे त्या दोघींचे पाहून इतर शिक्षिकाही जोडीने जाऊ लागल्या. मला हे त्या बाईंनीच आईच्या दिवसांना आल्या तेव्हा सांगितले.

काही वर्षांनी वसतिगृहातल्या मैत्रिणींनी ‘मैंने प्यार किया’ पाहिला आणि त्या ‘सलमानची आई किती गोड आहे’ असे म्हणू लागल्या, तेव्हा माझ्या मनातली अंबिका त्या आईशी काही केल्या जुळेना. तो चित्रपट 1989च्या डिसेंबरात आला, तेव्हा रीमाताई अवघ्या 31 वर्षांच्या होत्या. तुम्ही त्यांना कुठे पाहिलेत आणि तुमच्या मनात त्यांचे कोणते रूप राहिले, ते कृपया लिहा.

बाल्कनीची_रांग
माझ्यासाठी त्या कायम ‘सविता दामोदर परांजपे’ राहतील. शेखर ताम्हाणे यांचे ते नाटक मी दादरच्या शिवाजी मंदिरात तीन वेळा पाहिले, आणि तिन्ही वेळा बाल्कनीतून, कारण तेवढेच परवडत असे. कुसुम अभ्यंकर या गृहिणीच्या देहात सविता नावाची दुसरीच बाई बोलू लागते, असा तो विषय आहे. चित्रपटात असे काही दाखवायचे तर कॅमेरा, संकलन, पार्श्वसंगीत हाताशी असते. रंगमंचावर नटीजवळ तिचा आवाज आणि तिचे शरीर एवढेच असते. बाल्कनीतून चेहऱ्यावरचे बारीक भाव दिसत नाहीत, तरीही कुसुम जाऊन सविता आली हे मला त्यांच्या मानेच्या ठेवणीवरून आणि आवाजाच्या पट्टीवरून कळत असे.

हे नाटक मला इतके का लागले, ते सांगतो. आमच्या आत्याच्या अंगात येत असे. घरातले पुरुष तिला खोलीत कोंडत आणि आम्हा मुलांना अंगणात पिटाळत. नाटक पाहून घरी आलो त्या रात्री मला पहिल्यांदा वाटले की, आत्याला त्या दोन घटकांतच तिचे म्हणणे मांडता येत असावे. दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तिने मला माहेरच्या विहिरीच्या गोष्टी सांगितल्या. तोवर तिच्याशी असे निवांत बोलायला घरातले कुणीच बसले नव्हते.

अबोली
कृष्णाकाठताई, तुमच्या आईंविषयी वाचून गलबलून आले. बाल्कनीकाका, तुमच्या आत्यांविषयीही. मला स्वयंपाक उरकायचा आहे, रात्री माझा अनुभव नक्की लिहिते.

माळव्याची_सून
मी लग्न होऊन इंदूरला आले. सासरी सगळे हिंदी बोलणारे, आणि माझ्या सासूबाईंच्या लेखी रीमा लागू म्हणजे बडजात्यांच्या चित्रपटांतली आई. त्या मराठी आहेत आणि रंगभूमीवरच्या मोठ्या नटी आहेत हे मी सांगितले, तेव्हा सासूबाईंना ते खरे वाटले नाही.

मग 1999 साल आले. ऑक्टोबरमध्ये ‘वास्तव’ प्रदर्शित झाला आणि जेमतेम महिन्याभरात, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ‘हम साथ साथ हैं’. दोन्ही चित्रपट आम्ही सासू-सुनेने एकत्र पाहिले. एकात त्या मुंबईतल्या साध्या मराठी घरातली शांता आहेत, गुन्हेगारीत रुतलेल्या आणि शेवटी सुटकेची याचना करणाऱ्या मुलावर स्वतःच्या हाताने गोळी झाडणारी आई. दुसऱ्यात श्रीमंत एकत्र कुटुंबातली ममता आहेत, मैत्रिणींच्या सांगण्याला बळी पडून सावत्र मुलाला घराबाहेर काढणारी आई. एकीच्या हातून मुलगा मरतो तो मायेपोटी, आणि दुसरीच्या हातून घर मोडते ते भीतीपोटी. ‘वास्तव’मधला मुलगा झालेले संजय दत्त त्यांच्याहून वयाने जेमतेम वर्षभराने लहान आहेत, पण चित्रपट पाहताना हे एकदाही मनात आले नाही.

कृष्णाकाठताई, म्हणूनच तुमच्या एका वाक्याशी मी नम्रपणे असहमत आहे. ती आई आणि अंबिका जुळत नाहीत असे मला वाटत नाही. शांता जेव्हा पिस्तूल उचलते, तेव्हा मला तिथे ‘पुरुष’च्या शेवटी गुलाबरावावर सूड उगवणारी अंबिकाच दिसली होती. सासूबाई चित्रपटगृहातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘तू खरं सांगत होतीस.’ त्यांनी हे मराठीत म्हटले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले मराठी वाक्य.

कृष्णाकाठ
तुमचे म्हणणे मला पटले. जेमतेम महिन्याभराच्या अंतराने त्या दोन भूमिका लोकांसमोर आल्या, हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

सह्याद्रीवारा
एक शंका आहे. त्या डॉ. श्रीराम लागूंच्या सूनबाई होत्या ना? आमच्याकडे सगळे तसेच समजत आले आहेत.

निवृत्त_रोखपाल
नाही, हा पुष्कळांचा गैरसमज आहे. ‘सिंहासन’ या 1979च्या चित्रपटात दोघेही आहेत, त्यामुळेही तो पसरला असेल. रीमाताईंचे माहेरचे नाव नयन भडभडे. त्यांच्या आई मंदाकिनी भडभडे या स्वतः रंगभूमीवरच्या अभिनेत्री, आणि ‘लेकुरे उदंड जाली’मधल्या कामामुळे आमच्या पिढीला परिचित. लागू हे आडनाव त्यांना विवेक लागू यांच्याशी विवाह झाल्यावर मिळाले, आणि विवेक लागूही नटच.

या दोघांचीही नोकरी युनियन बँकेत होती. माझी नोकरी दुसऱ्या बँकेत गेली, पण नाटकाचे वेड तेच होते, म्हणून त्या नोकरीचा अर्थ मला थोडा सांगता येईल. मुंबईतल्या बँकांमध्ये त्या काळी नाटकाची मोठी चळवळ होती. आंतरबँक स्पर्धा होत, आणि त्यात हौशी माणसांबरोबर पुढे व्यावसायिक रंगभूमीवर नाव कमावणारेही उतरत. संध्याकाळी खिडकी बंद करून रोकड जुळवायची, एक रुपया कमी पडला तरी बसून राहायचे, मग धावत लोकल पकडून तालमीला पोहोचायचे, आणि सकाळी पुन्हा वेळेवर हजेरीपटावर सही करायची. मी हे सहा वर्षे केले आणि मुलगी झाल्यावर सोडून दिले. रीमाताई नोकरी, संसार आणि लहान मूल सांभाळून, वर व्यावसायिक नाटकाचे प्रयोग आणि चित्रीकरणेही करत होत्या. त्यांच्या प्रतिभेविषयी सगळे बोलतात, परंतु त्यामागच्या कष्टांविषयीही कुणी बोलावे असे मला नेहमी वाटत आले आहे.

पागेची_मुलगी
त्या आमच्या पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी, हे इथे नोंदवल्यावाचून राहवत नाही. मी शाळेत आले ती त्यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी, तरीही स्नेहसंमेलनाची नाटके बसवताना बाई त्यांचे नाव हमखास घेत. त्या लहानपणी बालकलाकार म्हणून चित्रपटांत कामे करत असत, हेही तेव्हाच कळले. मी तीन वर्षे गर्दीतल्या मुलीची कामे केली आणि त्या तीनही वर्षी स्वतःला रीमा लागूच समजत होते.

दूरदर्शन_पाहणारी
वरच्या सगळ्या आठवणी गंभीर भूमिकांच्या आहेत, म्हणून विनोदाची बाजू मी मांडते. नव्वदच्या दशकात ‘श्रीमान श्रीमती’मधली कोकिळा कुलकर्णी आणि ‘तू तू मैं मैं’मधली सासू देवकी या दोन्ही भूमिका त्यांनी साधारण एकाच काळात केल्या. कोकिळा समंजस आहे, आणि नवऱ्याचे शेजारणीकडे लागलेले लक्ष ओळखूनही घर हसतमुखाने सांभाळते. देवकी भांडकुदळ आहे, सुनेचा एकही शब्द खाली पडू देत नाही. सुप्रिया पिळगांवकर आणि त्यांची जुगलबंदी रंगायची ती एकमेकींना वेळेवर जागा दिल्यामुळे. नाटकातून आलेल्या माणसालाच हे साधते असे माझे ठाम मत आहे, कारण समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत थांबण्याची सवय प्रेक्षकांच्या हशाने लागते.

2020च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘श्रीमान श्रीमती’ पुन्हा दाखवली. माझ्या सासऱ्यांना तेव्हा विस्मरणाचा आजार जडला होता. त्यांना मला माझ्या नावाने हाक मारता येत नव्हती, पण पडद्यावर जतीन कणकियांचे केशव कुलकर्णी आले की ते म्हणत, ‘आता कोकिळा येईल.’ आणि ती येई. ते उन्हाळ्याचे दिवस आम्ही तिच्या आधाराने काढले.

सह्याद्रीवारा
निवृत्त_रोखपाल काका, माझा गैरसमज दूर केलात, त्याबद्दल आभारी आहे. दूरदर्शनताई, माझ्या वडिलांनाही हाच आजार आहे. ही मालिका त्यांना दाखवून पाहतो.

दूरदर्शन_पाहणारी
जरूर दाखवा. एक मात्र सांगते, आवाज थोडा मोठा ठेवा आणि शेजारी कुणीतरी बसा. एकट्याने पाहताना सासरे मध्येच अस्वस्थ होत असत.

कोसबाडची_वाट
मी डहाणू तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. ताराबाई मोडकांनी आदिवासी मुलांसाठी बोर्डी आणि कोसबाडला जे काम उभे केले, त्या वाटेवरची मी एक शेवटची माणूस. रत्नाकर मतकरींनी ताराबाईंच्या जीवनावरून लिहिलेल्या ‘घर तिघांचं हवं’ या नाटकात रीमाताई होत्या. मला ते नाटक पाहता आले नाही. आमच्या प्रशिक्षणात एका वयस्कर बाईंनी त्याविषयी सांगितले होते, आणि सांगता सांगता त्यांचे डोळे पाणावले होते. आमच्यापुढे ताराबाई कायम तसबिरीत असत, चष्मा लावलेल्या, हार घातलेल्या. त्यांना संसार होता, त्यांच्या घरात वेदना होत्या, हे त्या बाईंना नाटकातून उमगले आणि त्यांच्याकडून आम्हाला. ‘पुरुष’ आणि ‘सविता’ यांच्याविषयी इथे पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्यांनी हे नाटक प्रत्यक्ष पाहिले असेल त्यांनी कृपया चार ओळी तरी लिहाव्यात.

बाल्कनीची_रांग
ताई, मी तेही पाहिलेले नाही, याचे मनापासून वाईट वाटते. माझ्या ओळखीतल्या एका जुन्या नाट्यव्यवस्थापकांना विचारून इथे कळवतो. या पिढीच्या कामाचे हेच दुःख आहे. चित्रपट पुन्हा पाहता येतात, मालिकाही पाहता येतात, पण त्यांचे सर्वात मोठे काम ज्या प्रयोगांत झाले ते पाहणाऱ्यांच्या स्मरणात आहे, आणि आम्ही पाहणारे आता सत्तरीत आहोत.

अबोली
उशीर झाला, मुलाला ताप होता. आता उतरला आहे.

मी तुम्हा सर्वांहून लहान आहे आणि मी रीमाताईंना रंगमंचावर पाहिलेले नाही. मला त्या ठाऊक होत्या त्या ‘नामकरण’ मालिकेतल्या दयावंती मेहता म्हणून. ती आजी इतकी निष्ठुर होती की परिचारिकेच्या वसतिगृहात आम्ही सगळ्या जणी तिचा राग राग करत असू. 18 मे 2017 रोजी मी दिवसपाळीला होते. आमच्या एका ज्येष्ठ परिचारिकांनी बातमी सांगितली, हृदयविकाराचा झटका, वय 58. आदल्या संध्याकाळपर्यंत त्या चित्रीकरण करत होत्या हे नंतर कळले, आणि मी ज्या बाईंचा इतका राग केला त्यांच्यासाठी रडले.

त्या रात्री आईला फोन केला. आई म्हणाली, ‘तू दयावंती पाहिलीस, आम्ही अंबिका पाहिली आहे.’ मग तिने मला फोनवर ‘पुरुष’ची सगळी गोष्ट सांगितली, तासभर, अगदी शेवटच्या प्रवेशापर्यंत. पुढे मी ‘अनुमती’ पाहिला, त्यातली कोकणातली त्यांची अंबू पाहिली, पण आईने सांगितलेली अंबिका अजून माझ्या डोळ्यांसमोर पुरती उभी राहात नाही. कृष्णाकाठताई, ‘पुरुष’ पुस्तकरूपाने वाचायला मिळेल का? मला ते आईसाठीही हवे आहे.

कृष्णाकाठ
अबोली, मुलाला आता बरे वाटते आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पुस्तक माझ्याकडे आहे, आईचेच आहे, तिने समासात पेन्सिलीने खुणाही केल्या आहेत. पत्ता मला खासगी निरोपात कळवा, सोमवारी टपालाने पाठवते. तिकीट मी आता त्याच पुस्तकात ठेवले होते, ते मात्र काढून पुन्हा शालीत ठेवते.