फिक्सीवरून रोड बाईकवर आलो, पाय आणि गिअर दोन्ही जमेनात – मदत हवी आहे

पांदणवाट :
नमस्कार मंडळी. आतापर्यंत फिक्सी चालवली (एकच गिअर, चाकासोबत पायडल फिरतच राहतं, पाय मागे दाबून वेग कमी करायचा), पुढे ४८ दात, मागे १७. आता रोड बाईक घेतली आहे : ८ स्पीड, पुढे ५०/३४ दातांच्या दोन चक्र्या, मागे ११-३२ दातांच्या आठ, रिम ब्रेक, ७००×२५ टायर. माझं वजन ७२ किलो. रोजचे रस्ते दर्यापूरकडचे, सपाट. हिवाळ्यात परतवाड्याहून चिखलदरा चढायचा विचार आहे.
अडचणी अशा : वेग कमी करायला पाय आपोआप मागे दाबले जातात आणि काहीच होत नाही. कोणता गिअर कधी लावावा ते समजत नाही. साधारण २५० किमीनंतर मागचा गिअर मोठ्या चक्रीवर चढताना अडतो, खडखड करतो. आणि आठवड्यातून दोनदा पंक्चर.

दातेरी :
भाऊ, आधी ओळखीचा गिअर शोधा. ४८/१७ म्हणजे २.८२. तुमच्या ११-३२ मध्ये ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२ अशा चक्र्या असतील. पुढे ५० आणि मागे १८ लावलं की २.७८, म्हणजे जवळजवळ तुमची फिक्सीच. सपाट रस्त्यावर हेच घर समजा. समोरून वारा आला की २१, पाठीशी वारा असला की १५. पाय मिनिटाला ८५-९० फेऱ्यांवर राहिले पाहिजेत. फिक्सीवर वेग बदलला की पायांची लय बदलायची. इथे लय तीच ठेवून गिअर बदलायचा, खरा फरक एवढाच आहे.
गिअर बदलताना पायडल फिरतं ठेवा, पण जोर अर्धा सेकंद सोडा. फिक्सीवाल्यांना जोर सोडायची सवयच नसते, म्हणून चेन कडकन उडी मारते. थांबायच्या आधीच दोन गिअर हलके करून ठेवा, थांबल्यावर ते होत नाही.
अडण्याचं कारण बहुधा केबल. नवीन केबल आणि तिचं आवरण सुरुवातीच्या काही आठवड्यांत बसतं, ताण कमी होतो. मागच्या डिरेलरमध्ये (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) केबल जिथे शिरते तिथला गोल नॉब मागून बघत घड्याळाच्या उलट पाव फेरी फिरवा, पायडल मारून बघा, लागलं तर आणखी पाव. आता चेन मोठ्या चक्रीवरून खाली यायला आळस करू लागली, तर जास्त झालं, थोडं परत. लिमिट स्क्रूंना हात लावू नका, ते फक्त दोन टोकं ठरवतात. चुकून ढिले झाले तर डिरेलर थेट स्पोकमध्ये जाऊ शकतो.

घाटमाथा :
ब्रेकबद्दल मी लिहितो, कारण धोका तिथे आहे. आधी चाक उचलून पाहा, कोणता लिव्हर पुढचा. आपल्याकडे बहुतेक सायकलींत उजवा पुढचा असतो, पण गृहीत धरू नका. मग मोकळ्या मैदानात २० च्या वेगाने येऊन दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत थांबायचा सराव करा, ढुंगण सीटवर मागे सरकवून. रोज १५-२० वेळा, आठवडाभर. पायांची जुनी खोड जायला तेवढा वेळ लागतोच.
वळणावर आता पाय थांबवता येतात, ते वापरा : आतल्या बाजूचं पायडल वर, बाहेरचं खाली आणि भार त्याच्यावर. रोड बाईकचं बॉटम ब्रॅकेट (पायडलांचा आस बसतो ती जागा) फिक्सीच्या ट्रॅक फ्रेमपेक्षा सहसा खाली असतं. वळणात पायडल मारत राहिलात तर ते रस्त्याला घासतं.
चिखलदऱ्याला चढताना ३४×३२ (पुढे ३४, मागे ३२) लावला तर मिनिटाला ६० फेऱ्यांत साधारण ८ किमीचा वेग मिळतो. तोच वेग ४८/१७ वर धरला असता तर जेमतेम २२ फेऱ्या, गुडघ्यांचं काय होईल बघा. उतरताना हात खालच्या वळलेल्या दांडीवर. ब्रेक सतत घासत ठेवू नका, रिम तापते. वळणाआधी जोरात, वळणात मोकळे.

काळी_माती :
पंक्चर म्हणजे सराटे आणि बाभळीचे काटे. पऱ्हाटी निघायच्या दिवसांत रस्त्यावर पडलेले खुंटही टोचतात. पांदणीवरून आलात की चाक हाताने फिरवत टायर पुसा, काटा आत गेलेला नसतानाच निघतो. काट्यांना अडवणारी पट्टी, म्हणजे लायनर, टाका. फोर्कला आणि ब्रेकखाली प्रत्येक बाजूला ४ मिमी जागा उरत असेल तर २८ मिमीचे टायर लावा, हवा मागे ७५-८० पीएसआय, पुढे ७०. पावसाळ्यात काळी माती ब्रेकखाली अडकून चाक जाम होतं, तेव्हा पांदण टाळलेलीच बरी.
एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा : गावातल्या दुकानात मागाल तर २८ इंची ट्यूब मिळेल, ती साध्या सायकलची. त्या चाकाचं माप ६३५ मिमी, आपलं ६२२. आपल्याच मापाच्या दोन ट्यूब सोबत बाळगा. बारीक प्रेस्टा वाल्व असेल तर एक पितळी अडॅप्टरही ठेवा, नाहीतर दुकानातला पंप बसत नाही.

पांदणवाट :
नॉब अर्धी फेरी फिरवला, मागचं सुरळीत झालं. धन्यवाद. आता ५०×३२ आणि ५०×२८ वर चेन घासते. पुढचा डिरेलर बिघडला का?

दातेरी :
नाही, चेन तिरपी जाते म्हणून. ५०×२८ ऐवजी ३४×१८ घ्या, गुणोत्तर जवळपास तेच आणि चेन सरळ. पुढे ५० वरून ३४ वर उतरवताना लगेच मागे दोन चक्र्या लहान करा, म्हणजे पाय रिकामे फिरत नाहीत. टेम्पोत सायकल टाकताना डिरेलरची बाजू वर ठेवा. हँगर (मागचा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा) वाकला तर नॉब कितीही फिरवा, गिअर बसणार नाही.