फेदर, मास्क आणि कडेची पांढरी रेघ
फोटोतला एखादा भाग कापताना त्याची कड मऊ करणारी सेटिंग म्हणजे फेदर. एकच १० पिक्सेलचं फेदर एका फोटोत छान मऊ दिसतं आणि दुसऱ्यात कात्रीने कापल्यासारखं, असं का? कारण फेदर पिक्सेलमध्ये मोजलं जातं. ८०० पिक्सेल रुंद फोटोत १० पिक्सेलची मऊ कड डोळ्यात भरते, ४००० च्या फोटोत ती जाणवतही नाही. म्हणून कोलाजसाठी सगळे फोटो आधी लागतील त्या आकाराचे करून घ्या, मगच सिलेक्शन (म्हणजे कापायचा भाग निवडणं).

आणि नको असलेला भाग काढायला कृपया डिलीट दाबू नका! फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर गिंप असो वा फोटोशॉप, लेयर मास्क लावा, म्हणजे फोटोचा भाग पुसला न जाता फक्त लपतो. मास्कवर काळा रंग लपवतो, पांढरा दाखवतो, राखाडी अर्धवट दाखवतो. चुकलं तर पांढऱ्या ब्रशने परत आणता येतं. केसांपाशी तर फेदरपेक्षा मऊ ब्रशने मास्कच रंगवावा, फरक लगेच दिसतो.

गडद पार्श्वभूमीवर कडेला पांढरट रेघ येते ती जुन्या पार्श्वभूमीची. फेदर द्यायच्या आधी सिलेक्शन २-३ पिक्सेल आत घ्या, बरीचशी जाते.

एकेक कटआउट (कापून घेतलेला भाग) जपून ठेवायचा तर पीएनजी फाइलमध्येच. जेपीईजीत पारदर्शकता टिकत नाही.